काळ्या कातळावरचा नारळ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबात, पश्चिमेचा वारा सुटतो. आदल्या दिवसापर्यंत एका स्वेटरवर भागत असतं, आणि मग एका सकाळी शिफ्टला निघावं तर गाडीच्या काचेवर बर्फाचा पातळ पांढरा थर. तो काढायचं अवजार माझ्याकडे नाही. युनिव्हर्सिटीचं जुनं ओळखपत्र आहे, वॉलॉंगॉंगचं, त्याने मी काच खरवडते. शेजारच्या चिमणीतून निघालेला लाकडाचा धूर वाऱ्याने आडवा होऊन आमच्या अंगणात येतो. तो नाकात गेला की मला एक नारळ आठवतो. दर वर्षी.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत बाबा पुण्याहून महिनाभरासाठी आले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस; आयुष्य धरणांच्या पायांत आणि विहिरींच्या काठावर गेलेलं. आईला गुडघ्यांमुळे इतका प्रवास झेपला नसता, म्हणून ते एकटेच आले. सामानात एक प्लास्टिकचा फोल्डर होता. त्यात ग्राफ पेपरवर पेन्सिलने काढलेला घराचा नकाशा. सासवडच्या अलीकडे त्यांनी मी लहान असताना एक प्लॉट घेतला होता, त्यावर बांधायच्या घराचा. पूर्वेकडच्या खोलीत त्यांच्या तिरक्या इंजिनिअर-अक्षरात माझं नाव लिहिलेलं होतं आणि खिडकीची मापं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मला पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाला होता. हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी कायम झाली होती. आईला मी फोनवर सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, "त्यांना तुझं तू सांग. माझ्या तोंडून गेलं तर ते रोज सकाळी चहाला मलाच विचारत बसतील, असं का म्हणाली, तसं का म्हणाली."

मला बाबांना चार शब्द सांगायचे होते. मी परत येणार नाही.

पहिले दहा दिवस ते जमलं नाही. माझं घर लहान आहे, स्वयंपाकघराच्या टेबलाला दोनच खुर्च्या, समोरासमोर. समोरासमोर बसून मला कधीच काही सांगता आलेलं नाही. शाळेत बाई उत्तर येणाऱ्यांना हात वर करायला सांगायच्या, तेव्हाही मी उत्तर वहीत लिहून ठेवायची. म्हणून मी ती ट्रिप बुक केली. आमच्याच क्वीन्सलँड राज्याच्या उत्तरेला, आतल्या भागात, ज्वालामुखीच्या वाळवंटातून सहा दिवसांची कॅम्पिंगची सफर, गाइडसह. गाडीत माणसं एकाच दिशेला तोंड करून बसतात. चालताना एकमेकांच्या मागे असतात. मला वाटलं, तिथे सोपं जाईल.

आम्ही विमानाने किनाऱ्यावरच्या एका शहरात पोचलो. तिथून गाइडची उंच चाकांची गाडी. गाइडचं नाव ग्रॅहॅम. वय साठीच्या आसपास, आधी गुरांचं रान सांभाळायचा, मग पाऊस हुकायला लागला तसा माणसं फिरवायला लागला. आम्ही सात जण होतो. त्यातली मला नीट आठवते ती लॉरेन, निवृत्त नर्स, जी सगळ्यांना "लव्ह" म्हणायची आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्यांवर लक्ष ठेवायची.

निघतानाच पहिली लाज वाटली. बाबांनी आदल्या दिवशी सुपरमार्केटमधून नारळ आणला होता. तो त्यांना गाडीच्या चाकापुढे फोडायचा होता.

"लांबचा प्रवास आहे. जीप आहे. नारळ नको फोडायला?"

"बाबा, इथे नाही असं करत. सगळे बघतायत."

"बघू देत की. प्रसाद त्यांनाही देऊ."

"प्लीज."

त्यांनी नारळ परत पिशवीत ठेवला. शेंडी पिशवीतून बाहेर राहिली. पुढचे चार दिवस ती तशीच बाहेर होती.

वाळवंट म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते तिथे काहीच नव्हतं. लाल माती, तिच्यावर दूरवर पसरलेले काळे धोंडे, मध्येमध्ये वाळलेलं उंच गवत आणि माणसाच्या उंचीची वारुळं. महिनोन्‌महिने पाऊस नाही, हे झाडांच्या सालींकडे बघूनही कळत होतं. त्या पट्ट्यापट्ट्यांनी सुटून लोंबत होत्या. सकाळी तंबूतून बाहेर आलं की बोटं बधिर व्हायची आणि दहा वाजता त्याच दगडावर हात ठेववायचा नाही. आवाज फार कमी होते. कावळे होते, पण त्यांचं ओरडणं शेवटी लांबत जाऊन रडक्या मुलासारखं खाली यायचं.

"वाळवंट म्हणे," बाबा पहिल्याच थांब्यावर म्हणाले. "वाळू कुठंय?"

मी ते ग्रॅहॅमला सांगावं असा त्यांचा आग्रह होता. मी सांगितलं.

"वाळू हवी असेल तर जादा पैसे पडतात, मेट," ग्रॅहॅम अजिबात न हसता म्हणाला.

बाबा मनापासून हसले. तिथून त्या दोघांचं जमलं. दोघांची इंग्रजी वेगवेगळी होती आणि एकमेकांचं निम्मं कळत नव्हतं, त्यामुळे कोणालाच वाईट वाटायचं कारण नव्हतं.

बाबांनी खाली वाकून एक धोंडा उचलला, उलटा केला, दुसऱ्या धोंड्याने वाजवला, कान जवळ नेला. मग जिभेचं टोक लावून बघितलं. लॉरेन थबकली. मी दुसरीकडे बघत राहिले.

"हा आपला दगड आहे," ते म्हणाले. "काळा पाषाण. हा बघ, भोकं पडलीयत ना, हा मांजऱ्या. विहिरीत हा लागला की आम्ही खूश. यातून पाणी झिरपतं." आणि धोंडा खाली ठेवताना, जिथून उचलला त्याच खळग्यात नीट बसवून, म्हणाले, "इतक्या लांब यायचं आणि घरचाच दगड बघायचा."

शाळेत मी हे भूगोलात शिकले होते, इंग्रजीत, परीक्षेपुरतं. पुण्याच्या आमच्या घराच्या पायरीचा दगड आणि पुस्तकातला दगड एकच आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी लक्ष दिलं नसेल. टूवूंबाही याच दगडावर वसलेलं आहे, हे ग्रॅहॅमने सांगितलं. बाबांनी ते ऐकून मान हलवली, जणू एखाद्या ओळखीच्याची बदली कुठे झालीय ते कळावं.

इथे नारळाचं सांगायला हवं, म्हणजे माझं.

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. शाळेतल्या मैत्रिणींपैकी हे कोणालाही माहीत नव्हतं आणि आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात. वीज चमकायला लागली की आई मला गॅलरीतून ओढून आत आणायची, कारण पायाळूवर वीज पडते. आणि कोणाच्या पाठीत उसण भरली की ते तीन दिवस रोज सकाळी आमच्याकडे यायचे. चहा प्यायचे, मग भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. "मार गं बाळा लाथ." मी युनिफॉर्ममध्ये, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, तीन वेळा त्यांच्या पाठीला लावायचा. एका काकांना बरं वाटलं नाही म्हणून ते चौथ्या दिवशीही आले होते. मला तेव्हा वाटायचं, माझ्यात जे काही आहे ते माझ्या पायांत आहे आणि ते लोकांचं आहे.

बाबा सरकारी फायलीत असलं काही कधी लिहायचे नाहीत. तिथे भूजल सर्वेक्षण, खडकाचा प्रकार, उतार. पण गावोगावी फिरलेल्या माणसाने पाणाडे पाहिलेले असतात: तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालणारे, आणि पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो असं सांगणारे. बाबा त्यांच्यावर हसायचेही आणि बोअर मारण्याआधी त्यांना बोलवायचेही.

मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला सासवडच्या प्लॉटवर नेलं. मे महिना होता. बोअरची गाडी येऊन उभी होती, दोन काका, एक आत्या, शेजारच्या शेतातले सात-आठ जण. माझ्या हातावर नारळ दिला. मी चालले. या बांधापासून त्या बांधापर्यंत, मग परत. काही होत नव्हतं. नारळ जड होता, उन्हाने डोक्याची कातडी ओढल्यासारखी झाली होती आणि सगळे माझ्या हाताकडे बघत होते. चौथ्या फेरीत, एका बाभळीच्या थोडं पुढे, मी अंगठ्याने नारळ खालून हळूच उचलला. तो उभा राहिला.

सगळे ओरडले. आत्याने माझी दृष्ट काढली. त्या जागी चुन्याने गोल काढला आणि बोअर सुरू झाली. संध्याकाळपर्यंत तीनशे फूट गेली. वर येत राहिली ती नुसती करडी भुकटी. झाडावर, गाडीवर, आमच्या केसांत. पाणी लागलं नाही.

मला कोणी काही बोललं नाही. घर राहून गेलं. नंतर कधीही प्लॉटचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "दुसरी बोअर तू मोठी झालीस की बघू." मी इकडे शिकायला आले, तेव्हा ते "तू परत आलीस की बघू" झालं. घर पाण्यासाठी थांबलं होतं आणि पाणी माझ्यासाठी. त्या फोल्डरमधल्या नकाशावर बोअरची जागा मोकळी सोडलेली होती. तिथे पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह.

तिसऱ्या दिवशी आम्ही गुहेत उतरलो. गुहा म्हणजे खरं तर एक नळी. लाव्हा वाहत असताना वरचा थर गार होऊन कडक झाला, आतला रस वाहत राहिला आणि वाहून गेला, मागे ही पोकळी राहिली. आगगाडी जाईल एवढी. बाहेर रणरण आणि आत एकदम ओला गारवा, वटवाघळांचा आंबूस वास.

"बोगदा," बाबा वर बघत म्हणाले. "विनाकंत्राटदार. आणि गळतही नाही."

ग्रॅहॅमची एक पद्धत होती. आत खोलवर गेल्यावर तो सगळ्यांना दिवे बंद करायला लावायचा. दोन मिनिटं, कोणी बोलायचं नाही. एकेक टॉर्च विझत गेला. शेवटचा विझल्यावर जो काळोख झाला, तो मी आधी किंवा नंतर कुठेही पाहिलेला नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले हे पापणीला हात लावून बघावं लागत होतं. बाबा माझ्या डाव्या बाजूला होते. त्यांच्या जॅकेटची चेन दगडाला घासल्याचा आवाज आला. मला कोणी बघत नव्हतं. मराठी कोणाला कळत नव्हती.

मी म्हणाले, "बाबा, मी परत येणार नाही."

हळू म्हणाले, पण म्हणाले.

"काय?" बाबा मोठ्याने म्हणाले. त्यांना अलीकडे थोडं कमी ऐकू यायला लागलं होतं. ते "काय" नळीच्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं. कोणीतरी फिसकन हसलं.

"काही नाही," मी म्हटलं.

दिवे लागल्यावर ग्रॅहॅम माझ्याजवळ आला. "नो वरीज," तो म्हणाला. "पहिल्यांदा सगळ्यांनाच भीती वाटते." लॉरेनने मला पाणी प्यायला लावलं. बाबा भिंतीवरून हात फिरवत पुढे गेले होते.

पुढचा दिवस नुसता प्रवासात गेला. मी खिडकीतून वारुळं बघत होते. बाबा पुढच्या सीटवर ग्रॅहॅमशेजारी बसून त्याला धरणाच्या सांडव्याविषयी काहीतरी हातवारे करून समजावत होते.

पाचव्या दिवशी सकाळी पाण्याचा ड्रम गाडीवरून उतरवताना ग्रॅहॅम अर्ध्यात वाकला आणि तसाच राहिला. लॉरेनने त्याला धरून चटईवर बसवलं आणि तिच्या पिशवीतल्या दोन गोळ्या दिल्या. बाबा हातातला मग खाली ठेवून पुढे आले. त्यांचा चेहरा उजळला होता, हे सांगायला मला संकोच वाटतो, पण उजळला होता.

"उसण भरली!" ते मला म्हणाले. आणि ग्रॅहॅमला इंग्रजीत, "माय डॉटर. बॉर्न लेग्ज फर्स्ट. व्हेरी गुड फॉर बॅक."

"बाबा, नको."

"ब्रीच बेबी होतीस का तू, लव्ह?" लॉरेनने विचारलं. "चाळीस वर्षं नर्सिंग केलं, पण पाठीसाठी हे नव्हतं ऐकलं."

"ती काय करते?" ग्रॅहॅमने दात आवळून विचारलं.

"किक," बाबा म्हणाले. "स्मॉल. थ्री टाइम्स."

ग्रॅहॅमने माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि चटईवर पालथा झाला. "ये मग," तो म्हणाला. "याहून वाईट काय होणारे?"

मी बूट काढला. मोजा काढला. पाय बर्फासारखा गार होता. सहा माणसांसमोर एका अनोळखी म्हाताऱ्याच्या खाकी शर्टावर मी तीन वेळा पाय टेकवला आणि प्रत्येक वेळी सॉरी म्हणाले. शर्टाखाली पाठ दगडासारखी आवळलेली होती. अर्ध्या तासाने तो उठून उभा राहिला, डावीकडे वळला, उजवीकडे वळला आणि एक शिवी हासडून म्हणाला, ही पोरगी मी ठेवून घेतो. लॉरेनच्या गोळ्यांची बाबांना मी आठवण करून दिली नाही. तिनेही दिली नाही.

त्यातूनच दुपारचं निघालं. पायाळू म्हणजे आणखी काय, हे बाबांनी त्याला चहाबरोबर सांगितलं, आणि पाणी शोधायचं म्हटल्यावर ग्रॅहॅम उठून गाडीकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कुंपणाच्या तारेचे दोन तुकडे होते, काटकोनात वाकवलेले. त्याच्या वडिलांचे. आसपासच्या रानांतल्या निम्म्या बोअर वडिलांनी याच तारांवर दाखवल्या होत्या म्हणे. दोन्ही मुठींत एकेक तार सैल धरायची आणि चालायचं. पाण्यावर आलं की तारा एकमेकींवर आडव्या होतात.

बाबा तंबूत गेले आणि नारळ घेऊन आले.

ते दृश्य मला अजून नीट दिसतं. काळ्या दगडांचा सपाट माळ, वर पांढरट आभाळ, आणि त्यावरून दोन म्हातारे शेजारी शेजारी चालतायत, एकाच्या हातात तारा, दुसऱ्याच्या तळहातावर नारळ. दोघंही गंभीर. कोरड्या ओढ्याजवळ ग्रॅहॅमच्या तारा वळल्या. बाबांचा नारळ काही हलला नाही. ग्रॅहॅमने खांदे उडवले. बाबांनी नारळाकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे.

"हिला बघू दे," ते मराठीतच त्याला म्हणाले. त्याला ते कळलं.

सगळे चहाचे मग हातात घेऊन उभे होते. नाही म्हणायला मला एक वाक्य तरी लागलं असतं. मी नारळ घेतला. शेंडी बोटांच्या दिशेला, आडवा. आतलं पाणी हललेलं तळव्याला कळत होतं. बारा वाजत आले असावेत, कारण माझी सावली आखूड होऊन सरळ दक्षिणेला पडली होती.

मी ओढ्यापर्यंत चालले. परत आले. पुन्हा गेले. ग्रॅहॅमच्या तारा जिथे वळल्या होत्या तिथे थांबले. अंगठा नारळाखालीच होता. मला त्याची जागा माहीत होती, किती उचलायचा तेही माहीत होतं. सगळ्यांना बरं वाटलं असतं आणि इथे कोणी तीनशे फूट खणायलाही जाणार नव्हतं.

नारळ आडवाच राहिला. मी वळले आणि बाबांजवळ आले. ते बाकीच्यांपासून थोडे पुढे येऊन उभे होते.

"काही नाही लागलं," मी म्हटलं.

"बरं."

"बाबा, सासवडलाही काही लागलं नव्हतं. मी अंगठ्याने उचलला होता."

"माहितीये."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ओढ्याकडे बघत होते.

"दिसला मला अंगठा. कोणाच्या तरी लग्नातलं लाल नेलपॉलिश होतं तुझ्या नखाला."

"मग तिथे बोअर का मारलीत?"

"गाडी येऊन उभी होती. कुठंतरी मारायचीच होती." त्यांनी माझ्या हातातून नारळ घेतला. "आणि तुला ऊन लागत होतं."

ग्रॅहॅम लांबून काहीतरी विचारत होता. बाबांनी त्याला हाताने थांब म्हटलं. मला वाटलं, आत्ता. आत्ता नाही तर विमानतळावर.

"बाबा, मी अजून एक..."

"ते ऐकलं मी. गुहेत."

वारा असा नव्हताच. गवत हलत नव्हतं.

"मग 'काय' का म्हणालात?"

बाबांनी नारळाची शेंडी बोटांनी सरळ केली. "म्हटलं," ते म्हणाले, "पुन्हा विचारलं तर वेगळं काही सांगशील."

दुसऱ्यांदा म्हणायची गरज उरली नव्हती आणि वेगळं सांगण्यासारखं माझ्याकडे नव्हतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "चल, लोक ताटकळलेत."

"सापडलं का काही, लव्ह?" लॉरेनने विचारलं.

"नथिंग," बाबांनीच उत्तर दिलं. "फुल ड्राय." आणि खाली बसून त्यांनी नारळ समोरच्या काळ्या धोंड्यावर आपटला. एकाच फटक्यात दोन भकलं. पाणी दगडावर उडालं आणि बघता बघता वाळलं. "हे काय सापडलं की पाणी, मेट," ग्रॅहॅम म्हणाला. त्याच्या खिशातल्या चाकूने बाबांनी खोबरं काढलं आणि सगळ्यांना वाटलं, उजव्या हाताने, प्रत्येकासमोर थोडं वाकून. प्रवास संपताना का होईना, नारळ फुटला. माझ्या वाट्याचा तुकडा मी बराच वेळ चघळत होते. तो जरा खवट होता. कोणी तसं म्हणालं नाही.

परतीच्या रस्त्यावर बाबा पुढे ग्रॅहॅमशेजारी न बसता मागे माझ्याजवळ बसले. तासभर ते खिडकीतून काळे धोंडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "टूवूंबाला पाणी कुठून येतं?"

"धरणं आहेत. डोंगराच्या खाली. तिथून पंपाने वर आणतात."

"वर? किती मीटर चढवतात?"

"माहीत नाही."

"माहीत पाहिजे," बाबा म्हणाले. "राहायचं तिथलं माहीत पाहिजे."

मी हो म्हटलं. लॅबमध्ये परत गेल्यावर पहिल्या ब्रेकमध्ये मी ते शोधून काढलं आणि त्यांना आकडा सांगितला. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला, भुवया उंचावल्या आणि खर्च किती येत असेल यावर पूर्ण जेवण होईपर्यंत बोलले. मला इतकं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं, आणि इतकं वाईटही. त्या दिवसांकडे मी आता बघते तेव्हा दोन्हींतलं काही फार जवळ येत नाही. हवा मात्र तीच असते, तीच कोरडी, नाकात टोचणारी.

ते निघायच्या आदल्या सकाळी मला कसल्याशा ठकठक आवाजाने जाग आली. अंगणातलं गवत पांढरं झालं होतं. बाबा माकडटोपी घालून मागच्या पायरीपाशी ओणवे झाले होते. घरात हातोडी नव्हती, म्हणून माझं लाटणं घेऊन ते जमिनीतून वर डोकावणारे काळे दगड एकेक करून वाजवत होते आणि कान लावत होते. एका जागी थांबले, दोन पावलं मागे गेले, परत आले. मग आत येऊन कणकेचा डबा काढला आणि मुठीतून कणीक सोडत दह्याच्या वाटीएवढा गोल काढला. मध्ये फुली.

"इथे," ते म्हणाले.

"बाबा, भाड्याचं घर आहे. आणि नळाला पाणी आहे."

"असू दे की नळाला. खाली कुठे आहे ते ठाऊक असावं." लाटणं पँटला पुसून त्यांनी माझ्याकडे दिलं. "घरमालकाला सांगू नकोस. बोअर मारून बसेल."

मी लाटणं दोनदा धुतलं आणि त्याच दिवशी त्यांच्यासाठी प्रवासाच्या दशम्या लाटल्या.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी कणीक संपली. मॅगपाय पक्ष्यांनी खाल्ली, उरलेली दवाने गवतात जिरली. फोल्डर मला नंतर सापडला, फ्रिजच्या वर, जिथे एवढी नीटनेटकी वस्तू कोणी विसरत नाही. आत नकाशा होता. प्रश्नचिन्ह खोडलेलं नव्हतं. मागच्या कोऱ्या बाजूला मात्र नवीन रेघा होत्या: माझं अंगण, मागची पायरी, कपडे वाळत घालायचा खांब. पायरीपासून अकरा फूट. खांबापासून सात. दोन रेघा मिळतात तिथे एक छोटा गोल, आणि त्याच्या शेजारी, तिरक्या अक्षरात, माझं नाव.

परवा थंडी पडल्यावर बाबांचा फोन आला. आईचे गुडघे, पाण्याची कपात, प्लॉटवर कोणीतरी शेळ्या बांधतो, बांधू दे. मग दर वर्षी विचारतात ते विचारलं.

"खूण आहे का गं अजून?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. सगळं अंगण सारखंच पांढरं होतं.

"आहे," मी म्हटलं.

"बरं," बाबा म्हणाले. कणीक किती दिवस टिकते हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत असणार.

फोन ठेवल्यावर मी पायरीवर आले, चप्पल काढली आणि गार गवतावरून पावलं मोजत अकरा फूट गेले.